मागच्या सीटवरचं जीपीएस

मास्तरांनी मला परदेशात गाडी चालवायला शिकवलं. ते स्वतः कधी परदेशात गेले नव्हते. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. हे मला तिसऱ्या रविवारी कळलं, आणि तोवर उजव्या बाजूनं गाडी चालवायची मला इतकी सवय लागली होती की आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल सोलापूरच्या नवी पेठेत होतं, साडीच्या एका दुकानावर. जिना इतका अरुंद होता की खालून वर येणारा आणि वरून खाली जाणारा समोरासमोर आले तर एकाला रिव्हर्स घ्यावा लागायचा. कोणी घ्यायचा याचा नियम मास्तरांनी भिंतीवर लिहून ठेवला होता. आठवड्याचे सहा दिवस हे स्कूल चारचौघांसारखंच चालायचं. एल बोर्डाची पांढरी जुनी गाडी, क्लच सोडताना आचके खाणारी माणसं, आरटीओच्या टेस्टची धास्ती. रविवारी मात्र मास्तर खिळ्यावरची पाटी उतरवून दुसरी अडकवायचे: 'परदेशात भाड्याची गाडी घेऊन जीपीएस कायदेशीरपणे वापरण्याचा अभ्यासवर्ग'. पाटीत जागा कमी पडल्यामुळे 'अभ्यासवर्ग' हा शब्द बारीक अक्षरात कोपऱ्यात गेला होता.

सोलापुरात असल्या वर्गाला कोण येणार, असं मलाही वाटलं होतं. पण यायचे लोक. लेकीकडं महिनाभर निघालेले निवृत्त प्राध्यापक यायचे, नवीन लग्न झालेली जोडपी यायची, आणि आमच्यासारखी टॉवेलच्या धंद्यातली माणसं यायची. मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघत होते. त्या वर्षी जर्मनीतल्या कापडाच्या प्रदर्शनाला मालकांबरोबर मला जायचं होतं, आणि तिथून गाडीनं स्वित्झर्लंडमधल्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाला भेटायचं होतं. कारखान्याचा निम्मा माल त्या एका गिऱ्हाइकाकडं जायचा. गेले काही महिने त्याच्या मेल कोरड्या येत होत्या. तो सुटला तर एक पाळी बंद करावी लागणार, हे मालक माझ्याजवळ बोलले होते आणि बाकी कुणाजवळ बोलले नव्हते.

"गाडी तूच चालव," मालक म्हणाले. "मला तिकडच्या पाट्या वाचेपर्यंत त्या मागं गेलेल्या असतात."

मास्तर उंच, किडकिडीत. उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या पूर्ण, मनगटाची बटणं लावलेली. उभ्या गाडीतून फाईल घ्यायची असली तरी आत बसून आधी पट्टा लावायचे, मग फाईल घ्यायचे, मग पट्टा काढायचे. नवी पेठेतून चालताना एखाद्या बोळात वळायचं असलं की वळण्याआधी हात बाहेर काढून दाखवायचे. तिथले रिक्षावाले एकमेकांना कधी जागा देत नाहीत, पण मास्तरांचा हात दिसला की थांबायचे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते 'उमेदवार' म्हणायचे. मला वर्गात एकदाही नावानं हाक मारली नाही.

वर्गाचं पाठ्यपुस्तक म्हणजे लग्नाचा एक जुना अल्बम होता. फोटो काढून त्या जागी मास्तरांनी देशोदेशींचे कायदे चिकटवले होते. वेगवेगळ्या वकिलातींना त्यांनी मेल पाठवल्या होत्या आणि आलेली उत्तरं छापून लावली होती. बहुतेक उत्तरं एकाच छापाची होती, गाडी भाड्यानं देणाऱ्याकडं चौकशी करावी म्हणून. एका बर्फाळ देशाला मास्तरांनी विचारलं होतं की काचेवर जीपीएसशेजारी लिंबू-मिरची टांगली तर चालेल का. त्या देशानं सविस्तर कळवलं होतं की चालकाच्या नजरेला अडथळा होईल असं काचेवर काहीही नको, लिंबू-मिरचीबाबत स्वतंत्र तरतूद आढळत नाही. ते पान मास्तर फार हळुवारपणे उलटायचे.

"जीपीएस वाईट नाही," ते पहिल्या तासाला म्हणाले. "ते कुठं लावता, कधी हात लावता आणि त्यातनं काय ऐकता, या तीन गोष्टींवर माणूस तुरुंगात जातो की हॉटेलात, ते ठरतं."

कुठं लावायचं ते शिकवायला त्यांनी काचेवर ओला चिखल फासला आणि वायपर एकदाच फिरवला. काचेवर स्वच्छ कमान उमटली. "या कमानीच्या आत देवाचा फोटोसुद्धा नको," म्हणाले. कधी हात लावायचा याचं सूत्र होतं, 'आधी किल्ली, मग बोट'. गाडी बाजूला, इंजिन बंद, हँडब्रेक वर, मगच पडद्याला बोट. सिग्नलला उभं असतानासुद्धा नाही. मी एकदा नुसती नाकावरची माशी हाकलायला हात उचलला, तर त्यांनी गाडी बंद करून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.

तिसरी गोष्ट, काय ऐकायचं, ती सगळ्यांत अवघड होती. आपल्याकडं पुढं वेग मोजणारा कॅमेरा आहे असं जीपीएसनं सांगितलं की आपण त्याचे आभार मानतो. जर्मनीत गाडी चालवताना तसली सूचना ऐकणं गुन्हा आहे, शेजारच्याच्या फोनवरून आली तरी. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवता येत नाही. आणि स्वित्झर्लंडमध्ये तर ते यंत्रच जप्त करतात. 'जप्त' हा शब्द उच्चारताना मास्तर आवाज खाली आणायचे.

प्रात्यक्षिक चिंचोळीत व्हायचं. सोलापूरच्या रस्त्यावर उजव्या बाजूनं गाडी चालवणं मास्तरांना मरणाहून वाईट वाटलं असतं, म्हणून त्यांनी एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार मिळवलं होतं. खाजगी जागा, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नाही. आत चुन्यानं रस्ते आखलेले, मधोमध तेलाचं रिकामं पिंप ठेवून चौक केलेला, आणि गेटावर एक म्हातारा वॉचमन. गाडी आपलीच, उजव्या स्टेअरिंगची. परदेशातलं स्टेअरिंग डावीकडं, म्हणून मास्तरांनी डाव्या सीटपुढं भंगारातलं एक स्टेअरिंग बसवलं होतं. ते फिरायचं, पण कशालाही जोडलेलं नव्हतं. शिकवायच्या गाडीत डावीकडं क्लच-ब्रेक असतातच, ते माझ्या पायाखाली. खऱ्या स्टेअरिंगवर मास्तर. मी खोटं चाक जितकं फिरवीन तितकंच ते खरं फिरवायचे. मी "रेस" म्हटलं की ते रेस द्यायचे.

"चूक तुमची, हात माझे," त्यांनी समजावलं. पहिल्याच दिवशी मी चुकून पिंपाच्या दिशेनं चाक वळवलं. मास्तरांना पिंप स्पष्ट दिसत होतं. त्यांनी माझ्याइतकंच चाक वळवलं आणि आम्ही सरळ पिंपावर गेलो.

आणि मागच्या सीटवर मास्तरांच्या बायको, काकू. त्या जीपीएस होत्या.

आवारातले चुन्याचे रस्ते फोनच्या नकाशावर दिसायचे नाहीत, म्हणून आवाज माणसाचा हवा होता. काकू मांडीवर सूप घेऊन बसायच्या आणि लसूण सोलत सोलत सांगायच्या, "पन्नास मीटरवर उजवीकडं वळा. चौकातनं दुसरा फाटा घ्या." काकू अक्कलकोटकडच्या, माहेरी कानडी बोलणं. एरवी त्यांचं मराठी चांगलं ठसक्यात असायचं, पण जीपीएस असताना आवाज एकदम सपाट. मी वळण चुकवलं की जरा थांबून म्हणायच्या, "परत मोजतेय." त्या थांबण्यात काय ते सगळं यायचं.

काकू फक्त माझ्याशी बोलायच्या. मला वाटलं, पद्धतच तशी असेल, जीपीएस चालकाशी बोलणार, शिकवणाऱ्याशी कशाला बोलेल. दोन रविवार मी असंच समजत होते.

तिसऱ्या रविवारी काकूंच्या तोंडून चुकून एक वाक्य गेलं. मी गेटाच्या बाजूनं येत होते, जरा जोरात. गेटावर कारखान्याचा जुना सीसीटीव्ही होता. काकू लसणावरून नजर न काढता म्हणाल्या, "पुढं कॅमेरा आहे."

मास्तरांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला.

"उमेदवार, आपण आत्ता कुठल्या देशात आहोत?"

"स्वित्झर्लंड," मी म्हटलं. त्या दिवशीचा धडा तोच होता.

"मग हे जीपीएस जप्त करावं लागेल."

मला वाटलं, एवढं बोलून ते गाडी पुन्हा सुरू करतील. पण ते खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्या उतरल्या, मास्तरांकडं न बघता चालत वॉचमनच्या खोलीकडं गेल्या आणि आतल्या खुर्चीत बसल्या. मास्तरांनी वॉचमनला सांगितलं, "मुद्देमाल तुमच्या ताब्यात."

वॉचमन म्हणाला, "व्हय. चा ठेवतो."

पंधरा मिनिटांनी मास्तर मला म्हणाले, "शिक्षा पुरे झाली. त्यांना बोलवा." मी गेले. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्यांना सांग, जप्त केलेलं परत देत नाहीत. अल्बममधे लिहिलंय. मीच चिकटवलंय ते पान."

मी येऊन सांगितलं. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, अल्बम उघडला, ते पान वाचलं, चष्मा ठेवला. "बरोबर आहे," म्हणाले. तेवढ्यात काकू गेटाबाहेर पडून सोलापूरला जाणाऱ्या एका रिक्षात बसल्यासुद्धा होत्या. सूप मागच्या सीटवरच राहिलं.

मी वॉचमनला विचारलं, हे दोघं एकमेकांशी सरळ का बोलत नाहीत.

"सा वर्सं झाली की," तो म्हणाला. "तुमाला ठावं न्हाय? घरात चिट्ट्या लिवत्यात. फ्रीजला लावत्यात. दूध संपलं, गॅस लावला, असलं. बोलनं न्हाय."

झालं होतं असं. काकूंच्या बहिणीच्या मुलीचं लग्न माळशिरसला होतं. त्या मुलीला काकूंनी लहानपणी तीन वर्षं स्वतःच्या घरी सांभाळलेलं. मास्तरांनी तेव्हा नवा फोन घेतला होता, त्यात जीपीएस. एका फाट्यावर काकू म्हणाल्या डावीकडं, फोन म्हणाला उजवीकडं. मास्तरांनी फोनचं ऐकलं. उजवीकडचा रस्ता उसात शिरला आणि उसातच संपला. गाडी पाटाच्या चिखलात रुतली. कुणीतरी ट्रॅक्टर लावून ती बाहेर काढेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. काकू मांडवात पोचल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. त्या दिवशी त्या मास्तरांना काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या नाहीत.

"मग मास्तरांनी 'माझं चुकलं' म्हणायचं की," मी म्हटलं.

"त्येंचं म्हननं, चूक कुनाची ते कायद्यानं बघाय पायजे. फोनची का त्येंची. म्हून तर ह्यो अल्बम केलाय."

म्हणजे देशोदेशींच्या वकिलातींना गेलेल्या त्या सगळ्या मेल, सहा वर्षांचा पत्रव्यवहार, माळशिरसच्या फाट्यावर चूक कुणाची झाली याचा शोध होता. आणि उत्तर अल्बमच्या पहिल्याच पानावर होतं. मास्तर ते प्रत्येक उमेदवाराकडून पाठ करून घ्यायचे. जीपीएस सल्ला देतं, जबाबदारी चालकाची. सगळ्या देशांत हेच. मी स्वतः ते वाक्य त्यांच्यापुढं दहा वेळा म्हटलं होतं.

माझं विमान बारा दिवसांवर होतं. चौकातला दुसरा फाटा मला अजून एकदाही नीट घेता आला नव्हता. मास्तर म्हणाले, जीपीएसशिवाय वर्ग घेता येणार नाही, ते सोडवून आणायला रीतसर अर्ज करावा लागेल. अर्ज ज्याच्या ताब्यात मुद्देमाल दिला त्याच्या नावानं, म्हणजे वॉचमनच्या. त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून तो लिहिला. वॉचमननं खोलीतून बंद कारखान्याचा 'आवक' असा शिक्का शोधून काढला आणि अर्जावर मारला. मग म्हणाला, "पन वस्तू माज्याकडं न्हाय. ती रिक्षानं गेली. अर्ज घरी न्या."

अर्ज घरी न्यायचं काम माझ्याकडं आलं. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मास्तर खुर्चीत बसले, आतल्या खोलीत काकू पोळ्या लाटत होत्या. मी कागद घेऊन मधल्या दारातून आत गेले.

काकूंनी पिठाचे हात पुसले आणि वाचलं. 'सदर जीपीएस नजरचुकीने जप्त झाले असून ते परत मिळावे.'

"नजर कुणाची ते लिहिलं नाही," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले. मास्तरांनी सगळं ऐकलं होतं, तरी मी सांगेपर्यंत ते थांबले. मग दुरुस्ती केली: 'चालकाच्या नजरचुकीने'. मी आत गेले.

"कधीची चूक?" काकू म्हणाल्या. "आजची, का माळशिरसची?"

हे मी बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. आत एक पोळी करपल्याचा वास आला. मला माझ्या जर्मनीची काळजी होती, आणि का कोण जाणे, त्याहून जास्त त्या कागदाची वाटायला लागली. शेवटी त्यांनी नवा कागद घेतला आणि एका दमात लिहिला. मी तो नेताना वाचला, वाचायला नको होता तरी.

'सहा वर्षांपूर्वी माळशिरसच्या रस्त्यावर जीपीएस आणि शेजारी बसलेली व्यक्ती यांच्यात मतभेद झाला. चालकाने जीपीएसचे ऐकले. शेजारच्या व्यक्तीचे बरोबर होते. आजवर जेवढ्या देशांचे कायदे पाहिले त्या सर्वांनुसार जबाबदारी चालकाची आहे. चालकाला हे पहिल्या वर्षीच कळले होते. सबब अर्ज मंजूर व्हावा.'

काकूंनी तो तीनदा वाचला. तव्यावर काही नव्हतं तरी गॅस चालू होता. मग म्हणाल्या, "सही नाही केली."

मी कागद बाहेर नेला. सही झाली. कागद आत आला. काकूंनी तो फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावला आणि गॅस बंद केला.

"रविवारी किती वाजता?" त्यांनी मला विचारलं.

बाहेरून मास्तर मला म्हणाले, "सात वाजता, म्हणावं."

त्या रविवारी मी दुसरा फाटा बरोबर घेतला. चार वेळा. काकूंचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. मास्तरांशी त्या बोलल्या नाहीत, मास्तरही बोलले नाहीत. मला वाटलं होतं काहीतरी बदलेल, पण अर्ज फक्त जीपीएस सोडवण्याचा होता आणि जीपीएस सुटलं होतं. मी निराश झाले, असं म्हणायला हरकत नाही.

जर्मनीत गाडी घेताना काउंटरवरची मुलगी कागद पुढं करत होती आणि मी विचारत होते. स्वित्झर्लंडमध्ये नेली तर चालेल का, तिथल्या महामार्गाचा स्टिकर काचेवर आहे का, जीपीएसमध्ये आधीच्या माणसाचे पत्ते राहिलेत का. तिनं मला विचारलं, तुम्ही वकील आहात का. मालक माझ्यामागं उभे होते, ते म्हणाले, "नाही, टॉवेल."

महामार्गाला लागून दहा मिनिटं झाली असतील, मालकांच्या खिशात काहीतरी टुणकन वाजलं. त्यांच्या फोननं पुढं कॅमेरा असल्याचं सांगितलं. मी पुढच्या थांब्याला गाडी बाहेर घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि त्यांच्याकडं फोन मागितला.

"अगं, फुकट सांगतंय की ते," मालक म्हणाले. "आणि माझ्या खिशात आहे. तुझा काय संबंध?"

"शेजारच्याचा असला तरी चालत नाही."

"इथं कोण बघतंय?"

मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर मालकांचा कोट आणि नमुन्यांची बॅग होती. मी फोनमधली ती सोय बंद केली. ती शोधण्यात वेळ गेला, कारण मालकांनी फोनची भाषा मराठी ठेवली होती आणि मला कुठल्या मराठी शब्दाखाली काय लपलंय ते कळेना.

सरहद्दीवर मी गाडी हळू केली. अल्बममधलं ते पान डोळ्यांपुढं होतं. तिथल्या शिपायानं काचेवरचा स्टिकर बघितला, जांभई दिली आणि हातानं पुढं जा म्हणून खूण केली. जीपीएसकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मालक माझ्याकडं बघत होते. मी पुढं बघत होते.

गावात शिरताना मी एक वळण चुकले. यंत्रातल्या बाईनं लगेच, क्षणभरही न थांबता, दुसरा रस्ता सांगितला. मी पुन्हा चुकले. पुन्हा लगेच.

"हिला राग येत नाही का?" मालकांनी विचारलं.

"नाही."

"मग चुकलं हे आपल्याला कळणार कसं?" ते म्हणाले.

आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोचलो. गिऱ्हाइकानं कॉफी दिली, नमुने बोटांनी चोळून बघितले, आणि ऑर्डरमधले नॅपकिन सगळे ठेवले, मोठे टॉवेल निम्मे केले. पाळी बंद झाली नाही, पण ओव्हरटाइम गेला. त्या अकरा मिनिटांनी निम्मी ऑर्डर गेली, असं मालक आजही म्हणतात. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाइकानं भिंतीवरच्या घड्याळाकडं एकदाही बघितलं नव्हतं. पण मालकांना ते सिद्ध करून दाखवणारा कायदा कुठल्या देशात असेल, मला माहीत नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी चॉकलेटं घेऊन चिंचोळीला गेले. मास्तरांना शिपायाची जांभई कशी सांगायची याची जुळवाजुळव करत होते. सहा वर्षं ज्या कायद्याला ते देवासारखं मानत होते, त्याला तिथं कुणी विचारत नाही, हे सांगावं की न सांगावं.

आवारात गाडी उभी होती. डावीकडचं खोटं स्टेअरिंग काढलेलं होतं, त्या सीटवर मास्तर बसले होते. उजवीकडं, खऱ्या स्टेअरिंगपुढं, काकू. पदर कमरेला खोचलेला. गाडीचं तोंड गेटाकडं होतं आणि इंजिन चालू होतं.

वॉचमन माझ्याजवळ आला. "सकाळधरनं ह्येच," म्हणाला. "आवारात पंधरा चकरा मारल्या. आता भायेर जायचं म्हनत्यात."

मी खिडकीपाशी गेले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते मला म्हणाले, "उमेदवार, यांना सांगा. आवार खाजगी आहे, इथं ठीक. गेटाबाहेर सार्वजनिक रस्ता आहे. लायसन्सशिवाय—"

काकूंनी मांडीवरची पर्स उघडली. आतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्याकडं नव्हे, डावीकडं पुढं केला. शिकाऊ लायसन्स होतं. त्या एकट्या आरटीओत जाऊन परीक्षा देऊन आल्या होत्या. पाट्यांचे सगळे प्रश्न बरोबर आले होते. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून दुसरं काय ऐकलं होतं त्यांनी.

मास्तरांनी चष्मा लावला. लायसन्स वाचलं. उलटून मागची बाजू वाचली. मुदत बघितली, शिक्का बघितला. उतरून गाडीच्या पुढं आणि मागं जाऊन एल बोर्ड नीट आहेत का ते हात लावून पाहिलं. परत येऊन बसले, पट्टा लावला, पाय ब्रेकपाशी ठेवले. सगळं कायद्यात बसत होतं. हरकत घ्यायला काहीच उरलं नव्हतं. तरी ते कागद हातात धरून होते.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले.

हे ते मला म्हणाले नव्हते. मी इकडं तिकडं बघितलं. वॉचमननं माझा हात धरून मला खिडकीपासून दोन पावलं मागं ओढलं.

काकूंनी लायसन्स परत घेतलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली. आरसा हलवून स्वतःपुरता नीट केला.

"साकु," त्या म्हणाल्या. मग मराठीत म्हणाल्या, "पुरे. रस्ता सांगा आता."

वॉचमननं गेट उघडलं. गाडी दोनदा आचका खाऊन बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. वॉचमननं खोलीतलं रजिस्टर आणून त्यात वेळ लिहिली, गाडीचा नंबर लिहिला, आणि 'कुठे जाणार' या रकान्यावर पेन ठेवून माझ्याकडं बघितलं.

"हितं काय लिवू?"

"त्यांनाच अजून माहीत नसेल," मी म्हटलं.

त्यानं थोडा विचार केला आणि तसंच लिहिलं.